खड्ड्याच्या काठावरचा माणूस

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी फार शिकलेला माणूस नाही, पण खड्डा मला कळतो. पस्तीस वर्षं नगरपालिकेत सफाई कामगार होतो. टोपलीचे संडास बघितले, गटारं बघितली, मेनहोल बघितले, टाक्या बघितल्या. तेव्हा संडासाच्या खड्ड्याबद्दल मला कोणी अक्कल शिकवायला येऊ नये. माझ्या पोरीनं तर नाहीच नाही.

पोर म्हणजे सुमेधा. ऑकलंडला एका कंपनीत इंजिनिअर आहे, जमिनीची इंजिनिअर. बिल्डिंग बांधायच्या आधी खालची माती कसली आहे, किती वजन पेलेल, हे ती सांगते आणि मग बाकीचे कामाला लागतात. माउंट वेलिंग्टनला तिचं घर आहे. जावई प्रसाद कम्प्युटरवाला. नात इरावती आठ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की इंग्रजी. बायको गेल्यापासून मी घरी एकटाच भिंतींशी बोलायचो, म्हणून पोरीनं तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं.

दर शनिवारी सकाळी सुमेधा गमबूट, फावडं, बादल्या गाडीत टाकून जायची आणि दुपारी चिखलात लोळल्यासारखी परत यायची. कुठं जातेस विचारलं तर म्हणायची, "खोदकाम आहे, बाबा." मला वाटलं, ऑफिसचं काम. कोपऱ्यावरच्या डेअरीत (इथं डेअरी म्हणजे किराणा दुकान, दुधाशी संबंध थोडाच) एक गुजराती गृहस्थ बसायचे, त्यांना मी कौतुकानं सांगितलंसुद्धा, की पोरगी सुट्टीच्या दिवशीही काम करते. तेही बिचारे मान डोलवायचे.

स्वयंपाकघराच्या खिडकीत सुमेधानं जुन्या बाटल्या मांडल्या होत्या. त्यातली एक निळी होती, सहा कडांची, अंगावर खरखरीत रेघा. मला ती फार आवडली. मी रोज सकाळी तिच्यात ताजं पाणी भरायचो आणि अंगणातलं एखादं फूल ठेवायचो.

मग एका रविवारी मृणालिनी जेवायला आली. सुमेधाची मैत्रीण, पुण्याची, बँकेच्या आयटीत. बोलायला चांगली आहे, पण उचलली जीभ की लावली टाळ्याला. जेवता जेवता तिची नजर खिडकीकडे गेली आणि ती हसायलाच लागली.

"काका, तुम्ही त्या बाटलीत फूल ठेवता? ती कुठून आलीये माहितीये का? संडासातून! तुमची मुलगी वीकेंडला लोकांचे शंभर वर्षांपूर्वीचे संडास खणते. आम्ही तिला पॉटी क्वीन म्हणतो. इट्स सो कूल!"

मला वाटलं, चेष्टा करतेय. मी सुमेधाकडे बघितलं. ती वाटीत आमटी घेत होती, शांतपणे.

"खरं आहे, बाबा. पूर्वी इथं कचरा न्यायला कोणी यायचं नाही. मग रिकाम्या बाटल्या लोक मागच्या संडासाच्या खड्ड्यात टाकायचे. कुणी बायकोपासून लपून पीत असेल तर त्याची दारूची बाटलीही तिथंच. आता त्याची नुसती माती झालीये. आम्ही ती खणतो आणि बाटल्या काढतो."

माझा घास हातातच राहिला. मृणालिनीला काही कळलं नाही. ती म्हणाली, "काका, तुम्ही कुठे होतात सर्व्हिसला?"

"नगरपालिकेत," मी म्हणालो. "आरोग्य खात्यात."

खोटं नव्हतं ते. पगारपत्रकावर आरोग्य खातंच लिहिलेलं असायचं. पण सुमेधानं पळी खाली ठेवली आणि म्हणाली, "सफाई कामगार होते बाबा. आजोबा डोक्यावरून मैला न्यायचे. बाबा गटारात उतरायचे. कुणी विचारलं की मी सांगते."

मृणालिनी "ओह, वॉव, ग्रेट" असं काहीतरी म्हणाली आणि पाणी प्यायली. बासुंदी मी वाढली होती, माझ्या हातानं. ती वाटी तिनं तशीच ठेवली. पोट भरलं म्हणाली. भरलं असेलही. पण अशा भरलेल्या वाट्या मी आयुष्यभर बघितल्यात, त्यामुळे माझा संशय जात नाही.

ती गेल्यावर मी जो भडकलो! ती निळी बाटली उचलून मागच्या अंगणात नेऊन ठेवली. फोडणार होतो, पण इरावती दारात उभी होती.

आत येऊन सुमेधाला म्हणालो, "लाज नाही वाटत? तुझ्या आजोबानं डोक्यावर पाटी वाहिली. मी कमरेएवढ्या घाणीत उभा राहिलो. कशासाठी? तुझ्या हातात पेन यावं म्हणून. आणि तू गमबूट घालून परत तिथंच उतरतेस? हौस म्हणून?"

"हो, हौस म्हणून," सुमेधा म्हणाली. "तुम्हाला उतरवत होते, बाबा. मी माझी उतरते. फरक आहे त्यात."

"खड्ड्याला फरक कळत नाही!"

"मला कळतो."

खाण तशी माती, दुसरं काय. तिचा आवाज चढला की थेट माझाच आवाज वाटतो. प्रसाद बिचारा मध्ये येऊन म्हणाला, "बाबा, हे लोक सगळं सेफ्टी बघून करतात." त्याला मी असं बघितलं की तो भांडी घासायला निघून गेला.

"ऐकून ठेव," मी सुमेधाला म्हणालो. "तू परत खड्ड्यात पाय टाकलास तर मी तिकीट बदलून जाणार. आणि जिवंत असेपर्यंत या घराची पायरी चढणार नाही. तुझा काका गेला टाकीत. माझ्या घरातलं आणखी कोणी मी खड्ड्याला देणार नाही. संपला विषय."

"नाही संपला. शनिवारी आठला निघायचंय. तुम्ही या आणि तिथं उभं राहून मला अडवा. घरात बसून नाही."

"येतो! घाबरतो की काय!"

आठवडाभर आमचं बोलणं बंद. मी चहा माझा मी करून घ्यायचो. प्रसादला तिकिटाचं बघायला सांगितलं, तर तो म्हणाला, "शनिवारनंतर बघू." इरावती मला विचारायची, "आजोबा, आर यू स्टिल मॅड?" मी म्हणायचो, "हो, स्टिल."

शनिवारी आठला मी गाडीत बसलेला होतो. अंगात कोट, पायात बूट, तोंड बंद.

पंधरा मिनिटांवर एक जुनं लाकडी घर होतं. मालकीणबाई म्हाताऱ्या, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांनी परवानगी कागदावर लिहून दिली होती. सुमेधानं तो कागद मला मुद्दाम दाखवला. घर एकोणीसशे बाराचं. एकोणीसशेच्या आधीचं काही असेल तर इथं सरकारच्या परवानगीशिवाय फावडं लावणं गुन्हा आहे म्हणे. जमिनीतून विजेची तार, गॅसचा पाइप कुठून गेलाय, त्याचा नकाशाही तिनं मागवून घेतलेला होता. मी म्हटलं, असू दे. कागद आमच्याकडेही भरपूर असतात.

मागच्या अंगणात एक माणूस ट्रेलरमधून फळ्या उतरवत होता. हेमी. माओरी, म्हणजे इथला मूळचा, साठीचा, दाराच्या चौकटीएवढा रुंद. "किया ओरा, काशिनाथ!" म्हणाला, म्हणजे त्यांच्यातला नमस्कार. माझं नाव त्यानं आधीच घोकून ठेवलेलं दिसत होतं. सुमेधानं सांगितलं, हेमी आयुष्यभर ड्रेनेजचे पाइप टाकायचं काम करायचा, आता रिटायर झालाय. म्हणजे आपलाच बिरादर की. मग ती म्हणाली, रिटायर झाल्यावर त्यानं मासेमारीसाठी बोट घेतली. ही गोष्ट मात्र माझ्या घशाखाली उतरेना. आमच्यात गटारवाला रिटायर झाला तर त्याला खोकला मिळतो.

खड्डा त्यांनी आधीच्या शनिवारी शोधून निम्मा खणून ठेवला होता आणि वर जाड प्लायवूड टाकून चारी बाजूंनी कठडा लावला होता. ते काढलं. मी काठाशी बसलो आणि बाहेर काढलेली माती चिमटीत घेऊन चोळली, वास घेतला. काळी, भुसभुशीत, मध्ये मध्ये चुन्याचा पांढरा थर. घाणीचा मागमूस नाही, पावसाळ्यातल्या कुंडीसारखा वास. खरं सांगतो, थोडा चिडलोच. कारण भांडायला घाण तरी असायला हवी होती.

"आता ऐका," सुमेधा म्हणाली. आठवड्यात पहिल्यांदा ती माझ्याशी सरळ बोलत होती. "आमचा नियम आहे. एक जण आत. एक जण बादल्या ओढणार. आणि एक जण नुसता काठावर उभा. त्यानं फक्त आतल्या माणसाकडे बघायचं. त्याच्या हातात काही द्यायचं नाही, चहाचा कपसुद्धा नाही. तो वर म्हणाला की वर. तो नको म्हणाला की नको. तीन माणसं नसतील तर खड्ड्यात कोणी जात नाही. रॉस असतो नेहमी काठावर, पण त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आज काठावर तुम्ही."

म्हणजे बघा. मी तिला अडवायला आलेलो आणि ही माझ्याच भरवशावर आलेली. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

"मी नाही उभा राहणार," मी म्हणालो. "आणि तू उतरायचं नाहीस."

सुमेधानं हेमीला इंग्रजीत सांगितलं. तो एवढा मोठा माणूस, घरून फळ्या लादून आणलेल्या, सकाळ घालवलेली. मला वाटलं, आता हा वाद घालणार, समजावणार, निदान तोंड वाकडं करणार. मी उत्तरं तयार ठेवली होती. तो म्हणाला, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे बरं, ठीक आहे, आणि फळ्या परत ट्रेलरमध्ये ठेवायला लागला.

मी सुमेधाला विचारलं, "हा भांडत का नाही?"

"काठावरचा माणूस नाही म्हणाला की नाही. कारण विचारायचं नाही."

"कारण विचारायचं नाही?"

"विचारण्यात वेळ जातो, बाबा. तेवढ्या वेळात माणूस जातो."

दोन फळ्या आत गेल्या, तिसरी गेली. पस्तीस वर्षांत मी "नाही" हा शब्द किती वेळा उच्चारला असेल, सांगा. तापात म्हटलं, हाताला जखम असताना म्हटलं, बायको बाळंतीण असताना म्हटलं. मुकादम म्हणायचा, "उतर, नाहीतर घरी बस, दुसरा उभाच आहे." आमचं 'नाही' म्हणजे त्यांच्या लेखी उंदराची चूंचूं. आणि इथं या परक्या माणसानं माझ्या एका शब्दावर सामान आवरायला घेतलं. माझा त्यावर विश्वासच बसेना. मला वाटलं, हे नाटक आहे. माझ्यासमोर शहाणपणा दाखवतात, मी गेलो की सगळे एकदम आत उड्या मारत असतील.

"थांबा," मी म्हणालो. "राहतो मी उभा. बघतोच तुमचा नियम किती खरा आहे ते."

मला त्यांना खोटं पाडायचं होतं, दुसरं काही नाही. उगाच मोठेपणा घेत नाही.

फळ्या परत उतरल्या. हेमीनं खड्ड्याच्या चारी बाजूंना त्या उभ्या लावल्या, मध्ये आडवे टेकू ठोकले. मातीचा ढीग काठापासून चांगला दोन ढांगा लांब होता, वजन काठावर येऊ नये म्हणून. दोरीला बांधून एक छोटं यंत्र आत सोडलं, हवा तपासायला. ते आत असेपर्यंत तिघांनीही वाट बघितली. मग शिडी लावली, वरून बांधली. सुमेधानं हेल्मेट घातलं, हातमोजे घातले, मास्क लावला. मी बघत होतो. राग येत होता, पण कुणाचा ते नीट कळत नव्हतं. शंभर वर्षांपूर्वीच्या रिकाम्या बाटल्यांसाठी एवढं सगळं! आम्हाला भरलेल्या टाकीसाठी एक दोरी मिळत नव्हती.

"तो डावीकडचा खालचा टेकू ढिला आहे," मी म्हणालो.

हेमीनं वाकून हातानं हलवला. खरंच हलला. त्यानं हातोडा घेऊन दोन घाव घातले आणि माझ्याकडे बघून अंगठा वर केला. मी काही अंगठा दाखवला नाही. मी म्हटलं, "वरचाही बघ."

मग ती उतरली.

माझी पोर खड्ड्यात उतरली आणि मी काठावर उभा राहून बघत होतो. हेल्मेटचा पिवळा गोल तेवढा दिसायचा. फावडं नाही, हातखुरप्यानं थर थर माती काढत होती. फळीच्या मागे हात घालत नव्हती, भिंत पोखरत नव्हती. बादली भरली की हेमी ओढायचा. आधी कपबशीचे तुकडे आले, मग हाडं, शिंपले, चिनीमातीची एक फुटकी बरणी. अर्धा तास गेला असेल. हेमीच्या हातात थर्मास होता, पण त्यानं मला चहा विचारला नाही. नियम म्हणजे नियम.

"बाबा!" खालून आवाज आला. "निळी! मोठी आहे! आपल्याकडच्या निळीच्या दुप्पट. विषाची बाटली. अंधारात हाताला खरखरीत लागावी आणि कुणी चुकून पिऊ नये म्हणून अशा रेघा करायचे. आणि अख्खी आहे, बाबा! दोन वर्षं शोधतेय मी अशी!"

हेमीनंही मान लांब केली. मी बघितलं, बाटलीचा खांदा मातीबाहेर आलेला, बाकीची आत. सुमेधा गुडघ्यावर बसून बोटांनी माती मोकळी करत होती, देवाच्या मूर्तीवरचं निर्माल्य काढावं तशी. आणखी दोन मिनिटांत हातात आली असती.

तेव्हाच मी ओरडलो. मुद्दाम ओरडलो. काहीही झालेलं नव्हतं, टेकू जागच्या जागी होते. पण मला बघायचंच होतं.

"सुमे! वर ये!"

तिनं बाटली सोडली. वर बघितलं नाही, काय झालं विचारलं नाही, 'एक मिनिट' म्हणाली नाही. खुरपं टाकलं आणि शिडी धरली. मी दहा मोजले नसतील तोवर ती माझ्यासमोर उभी होती, धापा टाकत. हेमीनं बादली सोडून तिचा दंड धरून तिला काठापासून लांब ओढलं होतं. मग तो फळ्या बघायला लागला, एकेक, वरून, पालथं पडून.

कोणी मला काही विचारलं नाही. ते दोघं नुसते खड्ड्याकडे बघत होते. मलाच राहवलं नाही.

"काही नव्हतं," मी म्हणालो. "मी उगाच ओरडलो. परीक्षा घेतली तुमची."

सुमेधानं मास्क खाली केला. आता ही मला फाडून खाणार, असं वाटलं. ती म्हणाली, "बरं."

"बरं काय? चिड की! तुझी बाटली राहिली खाली!"

"राहू दे. बाटली कुठं जातेय."

तिनं हेमीला सांगितलं. हेमी पालथा पडल्या पडल्याच हसला आणि काहीतरी म्हणाला. सुमेधानं मराठीत सांगितलं, "म्हणतोय, दहा वेळा उगाच बोलवा, चालेल. एकदा राहून जायला नको."

तिथं माझा बांध फुटला. मी त्या ओल्या गवतावर, मातीच्या ढिगाशेजारी, कोटासकट बसलो.

"रमणला मी हाक मारली होती," मी म्हणालो.

सुमेधा माझ्यासमोर उकिडवी बसली. काका टाकीत गेला एवढं तिला माहीत होतं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पुढचं मी कुणाला सांगितलं नव्हतं, तिच्या आईलाही नाही.

"लॉजची टाकी होती. रमण नाही म्हणाला. आत वास वेगळा येतोय म्हणाला. मुकादम म्हणाला, उतर नाहीतर उद्यापासून येऊ नको. तो उतरला. मी वर होतो. त्याच्या पायाला जडपणा आलेला मला वरून दिसला. मी ओरडलो, रमण, वर ये! त्यानं वर बघितलं, सुमे. त्यानं हात वर केला. पण शिडी नव्हती. शिडी दुसऱ्या कामावर टेम्पोतून गेली होती. दोरी नव्हती. मी रस्त्यापर्यंत शिडी शोधत पळालो. परत आलो तोवर तो खाली बसला होता. बसलेलाच काढला त्याला."

तिनं माझा हात धरला. चिखलाचा हातमोजा तसाच होता तिच्या हातात.

"अजून आहे," मी म्हणालो. "दहाव्यानंतर मुकादम घरी आला. म्हणाला, ती टाकी अर्धवट राहिलीये, लॉजवाला तक्रार करतोय. काशिनाथ, तू उतर. आणि मी उतरलो! त्याच टाकीत. माझा भाऊ जिथं बसला होता तिथं उभा राहिलो आणि बादल्या भरल्या. नाही म्हणालो नाही. तू शाळेत होतीस, घर चालवायचं होतं. तेव्हापासून मला माझीच किळस येते. घाणीची नाही येत, तिची सवय असते. माझी येते."

सुमेधा रडत होती. हेमी उठून थोडा लांब जाऊन उभा राहिला. त्याला शब्द कळले नव्हते, पण माणूस समजूतदार.

थोड्या वेळानं मी नाक शिंकरलं. रडून झालं की माझा राग परत येतो, तो माझा स्वभाव आहे. खाली बघितलं. ती निळी बाटली तशीच होती, अर्धी मातीत. माझ्या खोडसाळपणामुळे पोरीची दोन वर्षांची इच्छा खाली राहिली होती. मी कोट काढून गवतावर टाकला.

"हेल्मेट दे इकडे."

"कशाला?"

"मी काढतो तुझी बाटली. तुझ्यापेक्षा हजार खड्डे जास्त उतरलोय. हलकेच काढीन, ओरखडासुद्धा येणार नाही. दे."

मी शिडीवर हात ठेवला. सुमेधा उठली आणि माझ्या आणि शिडीच्या मध्ये येऊन उभी राहिली, काठावर, हात रिकामे.

"नाही, बाबा."

"काय नाही?"

"तुम्ही उतरायचं नाही."

"अगं, पाच मिनिटांचं काम..."

"तुमचं बीपी आहे, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं नाही. आणि ते सगळं नसतं तरी नाही. आता काठावर मी आहे आणि मी नको म्हणतेय. तुम्ही खूप उतरलात. आता उतरायचं नाही."

तुम्हाला कसं सांगू. अडुसष्ट वर्षांचा झालो. बाप म्हणाला उतर, मुकादम म्हणाला उतर, साहेब म्हणाला उतर, ठेकेदार म्हणाला उतर. भाऊ मेला तेव्हा म्हणाले उतर. एवढ्या वर्षांत मला उतरू नको म्हणणारा एक माणूस भेटला नव्हता. मी शिडीवरचा हात काढला.

आणि मग मला काय झालं कुणास ठाऊक. मी त्या खड्ड्याच्या काठावर उभा राहिलो, न्यूझीलंडात, कुठल्या तरी म्हाताऱ्या बाईच्या मागच्या अंगणात, आणि छातीत होता नव्हता तेवढा दम लावून ओरडलो.

"नाही उतरत! ऐकलं का? नाही उतरत, जा! काय करायचं ते करा!"

शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मालकीणबाई खिडकीशी आल्या. मी परत एकदा ओरडलो.